बांगडी भरण्याआधी लालबी विचारायची

पडदा वर जातो तेव्हा दिसतं ते मंगळवार पेठेतलं गणपतरावांचं अंगण. एका अंगाला म्हशींची रांग, दुसऱ्या अंगाला भिंतीवर थापलेल्या शेणी. मधोमध पाट. पाटावर नवं लुगडं सावरत बसलेली तेरा वर्षांची बाळाबाई, आणि तिच्यासमोर बांगड्यांची बुट्टी उघडून बसलेली लालबी मणेर. भोवती बायकांचा गराडा. ऊन असं स्वच्छ की दिव्यांची गरजच नाही. साल एकोणीसशे सदुसष्ट, महिना मार्चचा.

मी त्या घरात सोप्यातल्या खोलीत भाड्याने राहत होतो. जत्रेतल्या नाटकांत स्त्री भूमिका करायचो, त्यामुळे माझ्याही हातात बांगड्या लालबीच भरायची. माझा हात दाबून ती बायकांना सांगायची, “या बाईचं मनगाट पैलवानाचं हाय. हिला नवरा भीमच बघाय पायजे.” सगळं अंगण हसायचं, मीही हसायचो.

हात धरण्याआधी ती प्रत्येक पोरीला एकच विचारायची. “कितवी गं?” पोर सांगायची, मग ती बोटांचे सांधे दाबून बघायची. तिचं म्हणणं असं, की शाळेतल्या पोरीचा हात मऊ राहतो, त्यावरून बांगडी पाण्यासारखी सरकते. शाळा सुटली, वैरणीचे भारे नि शेणाच्या पाट्या सुरू झाल्या, की सांधे घट्ट होतात. आमच्या पेठेत पोरीची शाळा चौथीपर्यंत, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. पाचवीच्या वयाच्या पोरीला लालबीने विचारलं, की बहुतेक वेळा आईच उत्तर द्यायची, “झाली की आता शाळा.” लालबी मग एक माप मोठी बांगडी काढायची.

बाळाबाई मात्र सातवीपर्यंत पोचली होती. त्या काळी सातवीची फायनल पास होणं म्हणजे मोठी गोष्ट. मास्तरीण होण्याची वाट तिथून फुटायची. पोर पहाटे म्हशींचं आवरून कंदिलाशी पुस्तक घेऊन बसायची, मी तालमीवरून आलो की माझ्याकडून कविता म्हणून घ्यायची. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि गणपतरावांनी लग्न ठरवलं. मुलगा पन्हाळ्याकडचा, घरची शेती, माणसं बरी. अडचण एकच होती. नवरदेवाने चौथीतच दप्तर टाकलं होतं. त्याच्या आत्यानं बैठकीत सरळ सांगितलं, की बायको सातवी पास झाली तर पोराला गावात तोंड दाखवता येणार नाही. लग्न परीक्षेच्या आधी लावा, पोरगी परीक्षेला बसता कामा नये. गणपतराव कबूल झाले. आणि आज हिरवा चुडा भरायचा दिवस. एकदा चुडा भरला की नवरी उंबरा ओलांडत नाही. शाळेचा तर नाहीच.

लालबीने हात पुढे केला. “कितवी गं?”

“हुती सातवीत. आता न्हाय,” नवरदेवाची आत्या मधेच म्हणाली.

“तिला इचारलंय,” लालबी म्हणाली.

“सातवी,” बाळाबाई म्हणाली, आणि तिने मूठ मिटली. दोन्ही हातांच्या मुठी. उजव्या मुठीच्या बोटांवर शाई होती.

मिटलेल्या मुठीवरून बांगडी चढत नाही. जबरदस्ती केली तर काच हातात शिरते. त्यात नवरीची बांगडी चुड्याच्या दिवशी वाढवली, म्हणजे फुटली, तर त्याहून मोठा अपशकुन नाही. बायकांनी समजावलं, चुचकारलं, मग दटावलं. मूठ सुटेना. लालबी तिचा हात मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

गणपतराव गोठ्यातून आले. “लालबी, फोड तिची मूठ.”

“आण्णा, मी बांगड्या भरती. मुठी फोडत न्हाय.”

“मग ऊठ. दुसरी बघतो.”

आत्याने लगेच इमामबीला बोलावणं धाडलं. इमामबी पलीकडच्या पेठेत बांगड्या भरायची. ती आली, पण दारातून आत डोकावली आणि लालबीची बुट्टी पाहून तिथेच थबकली. बांगडीवाल्यांची गिऱ्हाइकांची घरं बांधलेली असतात. एकीच्या घरात दुसरी बांगडी भरत नाही, मग पैसे कितीही द्या. इमामबीने आत्याकडे बघून मान हलवली आणि आल्या पावली परत गेली.

ऊन पाटावर आलं. म्हशी दावणीला हंबरायला लागल्या, त्यांच्या धारा राहिल्या होत्या. शेवटी आत्या उठली. आज चुडा नसेल तर लग्नही नाही, असं म्हणाली.

गणपतरावांनी बायकोकडे पाहिलं. धोंडुबाई पुढे आली, लेकीपुढे उकिडवी बसली, तिची मूठ आपल्या हातात घेतली. मला वाटलं, संपलं. आईपुढे कुठली मूठ टिकते? तिने एक बोट उचललं. त्यावरची शाई अंगठ्याने पुसून बघितली. शाई निघेना. मग तिने ते बोट परत होतं तसं मिटवलं आणि मूठ पदराखाली झाकली.

“परीक्षा हुं दे,” ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली.

पन्हाळ्याची माणसं जेवण न घेता निघून गेली. गणपतरावांनी लालबीची बुट्टी स्वतः उचलून दाराबाहेर ठेवली. पुन्हा या अंगणात पाय टाकू नको, म्हणाले. ती गेली. तेवढ्यावर भागलं नाही. चुडा न भरता उठलेली बांगडीवाली म्हणून पेठेतली आणखी घरंही तुटली. त्या वर्षी तिला लग्नसराईत फारसं कुणी बोलावलं नाही. आमच्या नाटकवाल्यांना अपशकुनाचं भय नसतं, आम्ही बोलवत राहिलो.

बाळाबाई फायनल पास झाली, पुढे शिकली, मास्तरीण झाली. पुष्कळ वर्षांनी तिचं लग्न ठरलं, ते तिला हवं तिथे. तेव्हा गणपतराव स्वतः लालबीच्या दारात गेले. काय बोलले ते दोघांनीही कुणाला सांगितलं नाही. चुडा लालबीनेच भरला. भरण्याआधी तिने विचारलं, “कितवी गं?” मास्तरीण हसली. “आता मी शिकीवती, लालबी.”

त्र्याऐंशी साली लालबी अंथरुणाला खिळली. डोळे तर आधीच गेले होते. मी भेटायला गेलो तेव्हा मुलगा निसार उशाशी बसला होता. त्याची पोर बेगम चहा घेऊन आली. ती कप हातात देत असताना लालबीने सवयीने तिचा हात धरला.

“कितवी गं?”

“पाचवी, दादी.”

लालबीची बोटं तिच्या सांध्यांवर फिरली. एकदा, मग परत सावकाश. निसार माझ्याकडे बघेना. आईच्या उशापायथ्याला कुणी हवं म्हणून त्याने पोरीची शाळा बंद केली होती, आणि आईला सांगत होता, रोज जाते म्हणून. चहा निवत गेला. पोरीने हात सोडवून घेतला नाही.

पुढल्या आठवड्यात लालबी गेली. गेली तेव्हा बेगमला शाळेतून बोलावून आणावं लागलं. मी मात्र तिला त्या दुपारी शेवटचं ऐकलं. नातीचा हात तसाच धरून, निसार बसला होता त्या बाजूला तोंड वळवून ती म्हणाली, “निसार, उद्या हिला शाळंत सोड. माझं पाणी माझं मी घीन.”