आतल्या मशीनची तार

मंडळींनो, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेची मराठी पानं आज वेळेत प्रेसला गेली. कशी, ते ऐका.

ही पानं मी ज्या जुन्या सॉफ्टवेअरवर टाइप करते, ते नव्या लॅपटॉपवर चालत नाही. म्हणून लॅपटॉपच्या आतच एक जुना संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, बसवून घेतला आहे. चारपर्यंत पानं मेल करायची होती आणि नेमकं त्या आतल्या मशीनचं इंटरनेट गेलं; लॅपटॉपचं चालू, पण पानं आत अडकलेली.

आपले सचिव फोनवर म्हणाले, "ताई, काहून त्रास करून घेऊन राहिल्या? या वर्षी सगळं हिंदीतच छापू."

माझं डोकंच फिरलं!

तंत्रज्ञ आला. त्याने राउटर बंद-चालू केला, भिंतीतली तार हलवली आणि म्हणाला, "आंटीजी, ये आपसे नहीं होगा. नया सॉफ्टवेअर सीख लीजिए."

तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. बाहेरची लाइन चालू आणि आतली बंद असेल, तर आधी मधली तार बघायची. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी पान शेवटपर्यंत वाचायची शिस्त लावली होती, तशी मी मशीनची नेटवर्क सेटिंग वाचत गेले. अगदी तळाशी 'केबल कनेक्टेड', म्हणजे आतल्या मशीनची तार जोडलेली, असं लिहिलेलं, आणि त्यापुढची खूण गायब! खूण केली, इंटरनेट आलं. चारला दहा कमी असताना पानं गेली.

"ये तो मैंने देखा ही नहीं," तो पुटपुटला.

"कैसे देखते, भैया? आप तो मेरे सफ़ेद बाल देख रहे थे."

सचिवभाऊ, स्मरणिकेची मराठी पानं मराठीतच निघताहेत. आणि बाकीच्यांनो, 'आपसे नहीं होगा' ऐकून तुम्ही काय काय सोडून दिलंत?