पहिला अंगठा
शेजारच्या छत्तीसगढी म्हातारीमुळं माझी पिठाची चक्की उभी राहिली. शाईच्या पॅडचा वास आला की तीच आठवते. भिलाईचा कारखाना तेव्हा सरकारवाले बांधून राहिले होते. जवळच्या कुरुद गावात चक्की टाकायचा अर्ज देण्याआधी शेजाऱ्यांना कळवून कागदावर त्यांच्या संमतीचे अंगठे आणायचे होते, नाही तर मला परत गावी जावं लागलं असतं. सातवीत शाळा सोडलेला मी घाबरतच दारोदार गेलो. कागद पाहून लोक दारं लावून घेत. कारखान्यात शेतं गेली तीही असाच अंगठा देऊन. म्हातारीनं जातं थांबवून विचारलं, “मोर भुइयाँ लेबे का, बेटा?” “जमीन नाही माय, तुह्यं दळण घ्यायले आलो.” ती खो खो हसली, पहिला अंगठा तिनं उमटवला, आणि ‘माझी जमीन जागेवरच आहे’ म्हणत निळा अंगठा गल्लीभर नाचवला. सांजेपर्यंत कागद भरला. तेव्हा रांगणारी तिची नात आता लग्नाची झाली आहे. त्या लग्नाचं सगळं पीठ मीच दळून देणार.