कनकलतामामींची फी

कनकलतामामी फौजी घरांचे इन्कम टॅक्सचे कागद फुकट भरून देत, हे सगळ्या तंजावरास ठाऊक होतं. त्या फी घेत, हे मला ठाऊक होतं, कारण आमच्या दोन ओट्यांमध्ये कमरेएवढीच भिंत.

फी म्हणजे एक प्रश्न. टॅक्स ऑफिसात उभी हयात गेली, लोकांच्या मिळकती पाहून झाल्या, पण कारकुनानं भोचक चौकशा करायच्या नसतात. ती दाबून ठेवलेली हौस पेन्शनीत उफाळून आली. बर्फात चपाती फुगते का? उंटावर बसलं की कंबर धरते का? राजवाड्यामागचा बोळ सोडून मामी फारशा कुठं गेल्या नव्हत्या.

"फौजीच का? व्यापाऱ्यांनी काय घोडं मारलंय?" मी एकदा खवचटपणे विचारलं.

"व्यापारी खोटं सांगतो गे. सिपायाची बायको खरं सांगते."

आकडेमोड चालली असताना त्यांना आवाज खपत नसे. आणि नेमकी तेव्हाच पालेभाजीवाली "कीरै, कीरै!" करत बोळात शिरायची. मामी तिच्यावर अशा खेकसत की बिचारी आमच्या दारांवरून तोंड मिटून जायला शिकली. मला तिची दया येई आणि मामींचा राग.

दोन हजार सालच्या सुमारास नवा नियम आमच्या गावापर्यंत पोचला: घरात टेलिफोन असेल, तर मिळकत असो वा नसो, रिटर्न भरा. लोकांची पाचावर धारण बसली. एका सकाळी मागच्या बोळातली भुवनेश्वरी आली. नवरा अमरसिंह फौजेत हवालदार, काश्मीरकडे. ती दिराच्या घरी राहायची, आणि त्या घरातला फोन तिच्या नावावर होता.

"मामी, फोन परत द्यायचा अर्ज इंग्रजीत लिहून द्या."

"कशास?"

"वेंकटराव भावोजी म्हणतात, आज कागद मागतात, उद्या घराची झडती घेतील."

"तुज मिळकत किती?"

"काहीच नाही."

"मग शून्य लिहू. टॅक्सही शून्य. एका पानाचं काम. भय कशाचं?"

"भावोजी ऐकणार नाहीत, मामी. घर त्यांचं आहे." तिचे डोळे भरले होते.

मामींनी पेनाचं टोपण काढलं. "बरं, लिहिते. पण आधी माझी फी. अमरसिंह फोनवर काय बोलतो?"

भुवनेश्वरी लाजली. "फार बोलत नाहीत. रिसीव्हर खिडकीबाहेर धर म्हणतात. आपला रस्ता ऐकतात. वर चौकीत काहीच ऐकू येत नाही म्हणे, नुसता बर्फ. खाली फोनाच्या रांगेतली आपल्याकडची पोरंही आळीपाळीनं कान लावतात."

मामींनी टोपण परत लावलं.

"हा अर्ज मज लिहवणार नाही," त्या म्हणाल्या. "फोन कधी येतो?"

"रविवारी सकाळी. भावोजी तेव्हा बाजारात असतात."

"या रविवारी त्यास घरी थांबव. मी येते."

मीही गेले. असली गंमत कोण सोडतो? वेंकटराव खुर्चीत ताठ बसले होते. मामी रिटर्नचा कागद पुढं करून समजावत होत्या आणि ते "पण मामी, सरकारचं काही सांगता येत नाही," एवढंच घोकत होते. तेवढ्यात फोन वाजला. भुवनेश्वरीनं दोन शब्द बोलून रिसीव्हर खिडकीच्या गजांशी धरला.

रस्ता नेमका सामसूम. सायकलची घंटासुद्धा नाही. वेंकटराव घड्याळाकडं पाहत होते.

मग कोपऱ्यावरून टोपली घेऊन पालेभाजीवाली आली. तोंड उघडलं, खिडकीत मामी दिसल्या, आणि तिनं सवयीनं तोंड मिटलं.

मामी गजांना नाक लावून ओरडल्या, "अगे, ओरड! थांबू नको, जोरानं ओरड!"

ती बावरली. मग बोळ हादरेल असं ओरडली, "कीरै! कीरै!"

रिसीव्हरमधून कितीतरी पोरांचा गलका उठला. लांबून, खरखरत, सगळे एकदम ओरडत होते, "कीरै! कीरै!" मला हसूही येईना आणि रडूही.

वेंकटराव उठले. आता फोन ठेवतात, असं मला वाटलं. त्यांनी वहिनीच्या हातून रिसीव्हर घेतला आणि दंड गजांत अडकेपर्यंत बाहेर धरला.