घरच्या अंगणात बदललेले ब्रेक

भूमहून शाळेला जाताना एक उतार लागतो. तिथं ब्रेक दाबला की आमच्या गाडीचं स्टेअरिंग थरथरायचं. नवरा म्हणाला, सुट्टी काढून धाराशिवला नेऊ. सासरे मात्र शेजारी येऊन बसले, मला दोनदा ब्रेक दाबायला लावला आणि म्हणाले, पुढच्या चाकांच्या दोन्ही डिस्क गेल्यात, ब्रेक दाबल्यावर त्यांना घासणारे पॅडही झिजलेत, घरीच बदलू.

त्यांची सगळी नोकरी बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. पण आता गुडघे वाकत नव्हते.

"हात तुझे लागतील," ते म्हणाले.

मी शाळेत गणित शिकवते. तोवर गाडीच्या चाकात हवासुद्धा कधी स्वतः भरली नव्हती. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी मामांशी, म्हणजे सासऱ्यांशी, माझं बोलणं चहा आणि औषधापलीकडं फारसं गेलं नव्हतं. तरी हो म्हणून बसले.

सामान मामांनीच मागवलं. रविवारी सकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसले आणि मी जुना ड्रेस घालून खाली. मागच्या चाकांना दगड लावले. जॅक लावायच्या आधीच नट सैल कर, म्हणाले. नट हलेना, तेव्हा मी पान्याच्या दांड्यावर सरळ उभी राहिले. करकर आवाज झाला आणि नट सुटला. मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

जॅकवर गाडी उचलली, चाक निघालं. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारा लोखंडी चिमटा, सोडवला. तो ब्रेक ऑइलच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, म्हणून जुन्या साडीच्या पट्टीनं वर बांधला. जुना पॅड पापडाएवढा पातळ उरला होता. गंजलेली डिस्क काही निघेना. चारी बाजूंनी हातोडी मारत गेले, तशी ती एकदम सुटून माझ्या मांडीवर आली. मामा हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

पहिल्या चाकाचं सगळं त्यांच्या सांगण्यावरून बसवलं; दुसऱ्या चाकाला ते काहीच बोलले नाहीत. नवी डिस्क बसली, पण कॅलिपर काही केल्या बसेना. अर्धा तास झटापट केल्यावर दिसलं, आतला पॅड मी बाहेर लावला होता आणि बाहेरचा आत.

"मामा, तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?"

"व्हय. तुला दिसतंय का, ते बघत होतो."

राग आला, पण पॅड बदलून लावले आणि कॅलिपर अलगद बसला.

चाकं परत बसवून गाडी चालू करणार, तोच त्यांनी खिडकीवर हात ठेवला. "आधी पायडल दाबून बघ."

दाबलं, तर पायडल थेट तळाला गेलं. मामा म्हणाले, घाबरू नको, नवे पॅड अजून डिस्कला टेकले नाहीत, दाबत राहा. सहाव्या-सातव्या वेळी ते घट्ट झालं, तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

मग ते शेजारी बसले आणि आम्ही त्याच उताराला गेलो. आधी हळू, मग जरा जोरात ब्रेक दाबला. स्टेअरिंग जागचं हललं नाही. मामांनी मान डोलावली.

परतताना ते आपणहून बोलायला लागले. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्यांनीही एका बसच्या ब्रेकचं काम उलटं केलं होतं आणि त्यांच्या उस्तादांनी काही न बोलता ते सगळं पुन्हा खोलायला लावलं होतं. घर आलं तरी गोष्ट संपली नव्हती. मी इंजिन बंद केलं आणि आम्ही गाडीतच बसून राहिलो.