उभं बोट

कारखान्यात लाईट गेली की सगळे लूम एकदम गप्प होतात, पण माणसं मात्र थोडा वेळ ओरडूनच बोलत राहतात. अशाच एका दुपारी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनपाशी बसून मी मोबाईलवर एक चिंपांझी आई पाहिली. ती जंगलात बसून दगडाने टणक कवचाची फळं फोडत होती. शेजारी तिचं पिल्लू. ते तिच्या हाताशी नाक नेऊन बघायचं, तिच्या पुढ्यातला गर बिनधास्त उचलून खायचं, मग स्वतः दगड घेऊन भलतीकडेच आपटायचं. आई त्याला काहीच शिकवत नव्हती. पण हाकलतही नव्हती. बोलणारा सांगत होता की असं बघत, चुकत शिकायला पिल्लाला काही वर्षं लागतात.

मला त्या पिल्लाचा हेवा वाटला. खरंच वाटला.

कारण मला माझ्या बाबांच्या शेजारी उभं राहायचं होतं आणि ते मला हाकलत होते. आमच्याकडे बायकांनी कांड्या भरायच्या आणि पुरुषांनी लूम चालवायचे, असं ठरलेलं. कुणी ठरवलं ते विचारायचं नाही. जवळच्याच वडप्याकडच्या गावातून तरुणपणी भिवंडीत आलेले बाबा तेव्हापासून लूमवरच होते. आता त्यांना तुटलेला धागा दिसेनासा झाला होता आणि कापडात फटी पडत होत्या. कारखान्याच्या शेठने सांगून टाकलं, दिवाळीनंतर हा लूम दुसऱ्या कारागिराला. मी म्हटलं, मला द्या. शेठ हसला. "धागा जोडून दाखव, मग बघू," म्हणाला. त्याने मला कटवायला म्हटलं होतं, मी ते वचन म्हणून धरून बसले.

बाबांचं उत्तर तयार होतं. "बाईमाणसाचं काम न्हाय ह्ये. गावाकडं एवढी गोडाऊनं झालीत, तिथं पॅकिंगला जा."

पॅकिंगला मी मेले तरी जाणार नव्हते. मला कापड होताना बघायचं होतं, माझ्या हाताखाली. म्हणून त्या दुपारी मी मोबाईल त्यांच्या डोळ्यांजवळ नेऊन धरला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"आता माकडाकडनं अक्कल शिकवतेस का मला?"

"माकड न्हाय ते. बाबा, तू मला शिकवू नको. फक्त हाकलू नको."

लाईट आली, लूम धडधडायला लागले. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या कांड्या भरून झाल्या की त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहायला लागले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण जा म्हणाले नाहीत.

लूमच्या आवाजात तसंही कुणी काही शिकवू शकत नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी अर्धंच कळतं. मी डोळ्यांनीच चोरी केली. धागा तुटला की ते लूम थांबवायचे, दोन टोकं चिमटीत धरायचे, हाताला एक हिसका, की गाठ बसलेली. घरी मी टाकाऊ सुताच्या गाठी खिडकीच्या गजांवर मारत बसायचे. आई म्हणायची, खिडकीला दाढी आली. सुरुवातीच्या गाठी सुटायच्या, मग इतक्या जाड व्हायला लागल्या की लूमवर धागे ओवलेल्या फणीच्या दातांत अडकल्या असत्या. मी चिडून सूत फेकायचे, परत उचलायचे. अखेर गाठ बसली, अगदी बाबांसारखी.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मी शेठला बोलावलं. तो जॉबरला घेऊन आला. जॉबर म्हणजे आमचे लूम दुरुस्त करणारा, युपीचा माणूस, तोंडाने फटकळ. मी लूम थांबवला, धागा तोडला, गाठ मारली.

"अरे, ये तो उंगली खड़ी करके बाँधती है!" जॉबर म्हणाला. "उंगली को क्या हुआ?"

आजूबाजूचे सगळे हसले. मी हाताकडे पाहिलं. अंगठा आणि मधल्या बोटाने गाठ धरलेली आणि अंगठ्याजवळचं बोट ताठ उभं. बाबांचं ते बोट मी लहान असताना लूममध्ये सापडलं होतं आणि तेव्हापासून ते वाकत नाही. रोजचंच म्हणून मला ते कधी दिसलंच नव्हतं. त्यांच्या गाठीबरोबर मी त्यांची जखमही उचलली होती.

मला आणखी एक व्हिडिओ आठवला. आरपार दिसणारी पेटी, आत खाऊ. माणूस आधी पेटीवर काठीने उगाच टकटक करतो, मग दार उघडतो. ते बघितलेला चिंपांझी टकटक सोडून देतो आणि सरळ दार उघडतो. माणसांची पोरं मात्र टकटकसुद्धा इमानदारीने करतात. त्या पोरांना मी पोट धरून हसले होते.

"हात स्लो आहे," शेठ म्हणाला. "नाही जमणार."

"दिवाळी अजून झालेली नाही," मी म्हटलं. मी लूमपासून हलले नाही. परत धागा तोडला.

तेव्हा बाबा स्टुलावरून उठले. एवढ्या माणसांसमोर त्यांनी माझा हात हातात घेतला, माझं उभं बोट धरून वाकवलं आणि धाग्यावर टेकवलं.

"माझं मेलेलं हाय," ते माझ्या कानाशी म्हणाले. "तुझं जितं हाय. लाव त्याला कामाला."

त्या चिंपांझी आईने पिल्लाचा हात असा धरला नव्हता. मला रडू आलं आणि रडतारडताच मी गाठ मारली. पहिल्यापेक्षा लवकर बसली. शेठला न विचारता मी लूम सुरू केला.

शेठने दुसरा कारागीर आणला नाही; दिवाळीनंतर त्या लूमवर मीच उभी राहिले. घाई झाली की बोट अजूनही उभं राहतं. मग मी ते वाकवते आणि कामाला लावते.