मिस्त्रींनी खोललेलं मशीन

गालिचे धुण्याची घरगुती मशिनं दुरुस्त करणारे मिस्त्री तीस वर्षं घराच्याच पुढच्या खोलीत काम करत. नुसत्या आवाजावरून दुखणं सांगत. "पाणी मारतंय पण ओढत नाही? मोटारीला शिव्या देऊ नका. टाकीच्या झाकणाचं रबर बघा." आणि रबरच गेलेलं असे. सुट्या भागांचे डबे बायकोच्या ताब्यात. तिला विचारल्याशिवाय स्क्रूसुद्धा हलत नसे.

विसरणं चोरपावलांनी आलं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग वार, मग अंघोळ झाली की नाही तेही. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तिने नवं काम घेणं थांबवलं. पण एका शिक्षिकेचं मशीन आधीच येऊन पडलं होतं. ब्रश फिरत नव्हता.

एका सकाळी ती दूध घेऊन परतली, तर मिस्त्री फरशीवर बसलेले. भोवती टाक्या, नळी, पंप, स्क्रू, सगळं विखुरलेलं. ब्रशचा रूळ मांडीवर घेऊन ते रडत होते.

"लावता येईना गं. सुरुवात कुठून करू तेच सुचत नाही."

"त्यात काय एवढं? दोघं मिळून लावू," म्हणत ती शेजारी बसली.

आजवर तिने नुसतं पाहिलं होतं. आता हात घातला. रुळाला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढले. आतला पट्टा तुटला होता. डब्यातून नवा घेऊन मोटारीच्या दांड्यावरून रुळावर ताणून चढवला. दोनदा निसटला, बोट सोललं. सगळं जोडल्यावर दोन स्क्रू उरले, म्हणून पुन्हा खोललं. जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा कुठे बटण दाबलं. ब्रश गरगरा फिरला.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "वा! हात चांगला आहे हो तुमचा. कुणाकडे शिकलात?"

थट्टा असेल म्हणून ती हसली. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"माझ्या नवऱ्याकडे," ती म्हणाली.

"भाग्यवान आहात. कुठे असतात ते?"

"इथेच असतात," एवढं कसंबसं बोलून ती उठली, आणि मोरीतला नळ मोठा सोडून रडली.

त्यानंतर दुरुस्तीची कामं तीच घेऊ लागली. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसत. संध्याकाळ झाली की कासावीस होत. "बाई, मला घरी सोडा. बायको वाट बघत असेल."

मग ती हातातलं काम ठेवून त्यांना चपला घालायला लावी, गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने आत आणी. "आलं बघा घर."

आत पाऊल टाकताच ते हाक मारत, "अगं, आहेस का?"

ती स्वयंपाकघरात शिरून तिथूनच ओ देई, लगेच बाहेर येत नसे. समोर आली, की ते विचारत, "आपण कोण?"