झोक्याचं चित्र

भूकंपानंतरचा तो उन्हाळा. मी जपानमध्ये, त्सुकुबात शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे जमेल की नाही याचा विचार न करता कशालाही हो म्हणायचे. शेजारच्या इमारतीत एक मराठी संशोधक कुटुंब राहायचं. त्यांची पाच वर्षांची मुलगी स्वमग्न होती, बोलत नसे. मुलांच्या केंद्रातल्या बाईंनी तिला कार्डं द्यायला शिकवलं होतं. पाणी हवं, तर पाण्याचं चित्र समोरच्याच्या हातात ठेवायचं. तिची आई, म्हणजे माझ्या वहिनी, लॅबमध्ये गेल्या की दुपारी मी तिच्याजवळ बसे.

पोळी, दही, सायकल, झोका. सगळी चित्रं वहिनींनी काढली होती. छोटे धक्के अजून बसत होते, म्हणून भूकंपाचं एक काढावं का, असं मी एकदा चाचरत विचारलं.

“अशुभाचं चित्र घरात कशाला गं? वास्तू तथास्तु म्हणते,” त्या म्हणाल्या. मला पटलं. माझी आईही हेच म्हणाली असती.

मग मुलगी झोका मागू लागली. कार्ड माझ्या तळव्यावर नखं रुतेपर्यंत दाबायची. मी तिला बागेत न्यायचे, तर झोक्याकडे ती बघायचीही नाही. परतल्यावर दारातच अंग टाकायची आणि कान झाकून भिंतीवर कपाळ आपटायची. टेंगूळ आलं. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, ती काहीतरी सांगतेय आणि आपल्याला कळत नाहीये. असंच चाललं तर ती कार्डं देणंही सोडेल. त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत.

एका दुपारी तिने पुन्हा झोका दिला. मी चपला शोधू लागले. तिने माझी हनुवटी धरून वर वळवली. छताच्या दिव्याची, ओढून दिवा लावायची दोरी हलत होती, अगदी जराशी. खिडक्या बंद होत्या. मला पायाखाली काहीच जाणवलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्यांनी दिव्याच्या दोरीला बोट लावून पाहिलं.

“म्हणजे घर हलतंय, हेच ती रोज सांगत होती?”

मग त्यांनीच कागद घेतला आणि तिरकं झालेलं घर काढलं.

काही दिवसांनी ते कार्ड माझ्या हातात आलं. मी म्हटलं, “हो, घर हलतंय. मी आहे.” ती भिंतीकडे गेली नाही. टेबलाखाली शिरली आणि शेजारची फरशी थोपटली. मीही शिरले. दोरी हलायची थांबली. तिने कार्ड मात्र परत घेतलं नाही. माझ्या तळव्यावर तसंच दाबून धरलं, या वेळी नखं न रुतवता.